अडकईचं बी

मामानं बी दिलं ते रुमालाच्या गाठीत बांधून. सुकून सुरकुतलेली काळी फळं, मिऱ्यांसारखी, मूठभरसुद्धा नाहीत.

"तुमच्यात नर्सरी हाय," तो म्हणाला, "तिथं उगावंल. माज्याकडं आता एवढंच हाय."

माझं माहेर डोंगरात, घोडेगावच्या पुढं, धरणाच्याही पलीकडं. मामा तिथला जाणता. कुणाला दुखलंखुपलं तर पाला-मुळी देणारा. अडकई, म्हणजे पुस्तकातली सर्पगंधा, त्याच्या गोठ्यामागं एकच झुडूप उरलं होतं. रानातली बाकीची मुळांचा धंदा करणाऱ्यांनी कधीच उपटून नेली होती. एका सकाळी मामा गोठ्यामागं गेला तर झुडपाच्या जागी नुसता खड्डा. अडकईचं औषध मुळात असतं. मूळ काढलं की झाड संपलं.

माझा नवरा कळंबजवळच्या एका नर्सरीत कामाला आहे आणि आम्ही तिथंच मागच्या दोन खोल्यांत राहतो. तेव्हा मी मोठ्या तोंडानं म्हटलं, "त्यात काय, मामा? आमच्याकडं दाणा टाकला की उगवतो." उचलली जीभ लावली टाळ्याला. हा माझा जुनाच गुण.

आमच्याकडं टोमॅटो आठवड्याच्या आत माना वर काढतो. झेंडू तर त्याच्याही आधी. अडकईचं बी मी पाण्यात टाकलं तर बहुतेक सगळं वर तरंगलं. पोकळ. तळाला बसलं तेवढं एका ट्रेमध्ये लावलं, ट्रे सावलीत ठेवला आणि वाट बघायला लागले. आठवडा गेला, पंधरवडा गेला, काही नाही. नर्सरीचा नियम असा, की न उगवलेला ट्रे ठेवायचा नाही. नारळाच्या भुशाचं कोकोपीट ओतून द्यायचं, ट्रे धुऊन दुसरं बी भरायचं. नवरा येताजाता त्या ट्रेकडं बघायचा आणि मी त्याच्याकडं बघायचे. शेवटी म्हटलं, "या ट्रेला हात लावला तर जेवण मिळणार नाही." तो बिचारा हसला, पण त्या दिवसापासून मी स्वयंपाक सोडून दहादा बाहेर येऊन बघायला लागले. कुणी ओतला तर?

वर मामाचे फोन. तो झाडाचं नाव फोनवर घ्यायचा नाही. विचारायचा, "पावणी आली का?"

जाणत्यांच्यात रीतच तशी. औषध काढायचं तर आदल्या संध्याकाळी झाडापुढं हळदकुंकवाचे तांदूळ आणि सुपारी ठेवायची, हात जोडायचे आणि सांगायचं, उद्या न्यायला येतो, तयार राहा. आवतण न देता आणलेल्या मुळीला गुण येत नाही म्हणतात. म्हणून त्याच्या लेखी प्रत्येक झाड पाहुणी.

"अजून न्हाई, मामा," मी म्हणायचे. तो "बरं" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पुढं पुढं त्याचा नंबर दिसला की मला धडकीच भरायची.

मी आशा सोडल्यावर तीन कोंब आले. एक मुळाशी कुजला. एक गोगलगाईनं खाल्ला. तिसरा मी मोरीच्या मागं, सावलीत, जमिनीतच लावला. पिशवीत ठेवला तर कुणी गिऱ्हाईकाला विकून टाकेल याची भीती. पहिल्या उन्हाळ्यात ते रोप सगळी पानं गाळून काटकी होऊन बसलं आणि मी मयताच्या घरात असल्यासारखी वावरले. पावसाळ्यात पुन्हा फुटलं. पुढच्या पावसाळ्यात फुललं, पांढरी फुलं, लाल देठांची. मग हिरवी फळं धरली, आणि ती काळी पडायला लागली तेव्हा मामाचा फोन आला.

"पावणीला न्यायला येतोय."

न्यायला म्हणजे मूळ काढायला, दुसरं काय? तिकडं कुणी आजारी असणार, आणि मामा नाही म्हणायचा नाही. झाड त्याच्याच बियाचं, मी कोण अडवणारी? पण मी ते जगवलं होतं. फळं घेऊन जा, मूळ नको, एवढंच वाक्य मी दिवसभर भांडी घासताना घोकत राहिले.

मामा संध्याकाळी आला. पहिल्यापेक्षा वाकलेला. चहासुद्धा न घेता मोरीमागं गेला, तांदूळ-सुपारी ठेवली, हात जोडले आणि झुडपाला म्हणाला, "उद्या सकाळी निघायचं. तयार ऱ्हा." मी दारात उभी राहिले. मग पाठ केलेलं वाक्य न बोलताच चहा टाकायला आत गेले.

सकाळी तो खुरपं घेऊन बसला तशी मी मध्येच जाऊन उभी राहिले. "मामा, मूळ काढू नको. माज्या जिवाला लई घोर लागलाय."

त्यानं खुरपं खाली ठेवलं. "मूळ कुनाला काढायचंय? मातीसकट नेतोय. आपल्या गोठ्यामागं लावायला."

"ते चोर परत येतील तिथं."

"येतील की. म्हनून तर फळं तुज्याकडं ठिवतो. तू परत लाव." मग खाली बघत म्हणाला, "खड्डा बुजवला न्हाई मी अजून. दर पावसाळ्यात गाळ भरतो, दर साली मी तो काढतो. ती जागा तिचीच हाय."

एवढी वर्षं मी रोप राखत होते आणि तो खड्डा. मला रडू आलं आणि त्याचाच राग आला.

खुरपं मीच घेतलं. लांबून गोल खणलं, एक मूळ तुटलं तेव्हा दोघंही दचकलो. गोणपाटात बांधलेला मातीचा गड्डा मांडीवर घेऊन तो एसटीत बसला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, खाली ठेवा की." मामानं ऐकलं नाही.

मी त्याच दिवशी नवं बी पाण्यात टाकलं. बहुतेक सगळं तरंगलं; तळाला बसलं ते ट्रेमध्ये लावलं. पोहोचल्याचा फोन आला, त्यानंतर मामाचा फोन नाही. चार दिवस मी कळ काढली, मग मीच लावला. मामीनं उचलला.

"पावणी कशी हाय, मामी?"

"पानं टाकल्यात तिनं," मामी म्हणाली. "हे पावसात इरलं घेऊन तितंच बसून ऱ्हात्यात. जेवायला हाक मारली तरी उठत न्हाईत."

मी ट्रेकडं बघितलं. अजून काही नव्हतं.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "माज्याकडंपण ती अशीच काटकी झाली होती. पुन्हा फुटली. आणि जेवायला घाल त्यांना, तिथंच नेऊन."