दाजींच्या मोबाइलमधला माझा राजा

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरूर कासारला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. बाजाराच्या दिवशी मी गावाकडून आलो की तिथे आमचा बुद्धिबळाचा पट मांडला जायचा.

मी पारावर देशी खेळ शिकलेला. त्यात शह बसेपर्यंत राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, म्हणून राजाला आडोसा करायची सवयच मला लागली नाही. दाजींनी स्पर्धेचे नियम शिकवले, उडी बंद झाली, खोड मात्र राहिली. राजापुढची प्यादी मी खुशाल रेटायचो. दाजी म्हणायचे, "लई भारी. राजाला कोपऱ्यात हत्तीआड दडवायचा किल्लेकोट भित्र्यांनी करावा." मला तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तालुक्यातून जिल्ह्याच्या स्पर्धेला एकच जण जाणार होता आणि शेवटच्या डावाला आम्ही दोघेच उरलो. मला जायचंच होतं. शाळा अर्धवट सुटलेल्या माझ्यासारख्याला हुशार म्हणवून घ्यायला दुसरं काय होतं? दाजींनी घाई केली नाही. हत्ती, उंट, वजीर एकेक करून माझ्या राजाकडे वळवले आणि मला संपवलं.

हार मी हसत घेतली. दाजी लोकांशी बोलण्यात गुंतले होते; चूक बघायला मी त्यांचाच मोबाइल मागितला. त्यातला बुद्धिबळाचा प्रोग्राम नुसत्या सोंगट्या मोजत नाही. राजापुढे प्यादी किती, त्याच्याकडे येणाऱ्या वाटा किती मोकळ्या, जवळच्या घरांवर शत्रूची नजर किती, हे सगळं तो हिशेबात धरतो आणि डाव कुणाकडे झुकलाय त्याचा आकडा देतो. पंधरा चालींनी येणारं संकट त्या आकड्यात आजच दिसतं.

हरलेला डाव त्यात भरायला गेलो तर 'मेव्हणा' नावाची एक यादी दिसली. दुकानातले आमचे दोन वर्षांचे डाव, माझ्या माघारी चालीनिशी उतरवलेले. वर दाजींनी लिहिलं होतं, 'राजा उघडा ठेवतो. थांबायचं.'

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "दाजी, ठाऊक व्हतं तर सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तू राजा झाकला आसता," ते शांतपणे म्हणाले. "म्या काय खोटं खेळलो का?"

खोटं खेळले नव्हते. बहिणीच्या संसाराकडे बघून मी वाद न घालता फोन परत दिला, पण आतून पार तुटलो. एसटीची वाट बघताना जुने डाव आठवत राहिलो. यादीतले चार-पाच मी फोन त्यांच्यापुढे धरण्याआधी उघडून पाहिले होते. दाजी ज्या ज्या चालीला 'लई भारी' म्हणाले होते, तिथे प्रोग्रामने लाल रंगात घोडचुकीची दोन प्रश्नचिन्हं टाकली होती.