ओरखड्यावरून कोटिंग

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी लातूरला, घराच्या मागच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मिलिंद म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, पंचशीलाचा मुलगा. पुण्याला असतो. "मंदामावशी, आई गेली..." एवढं म्हणून तो थांबला. मग सांगू लागला, की सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, तिनं कुणाला हाक मारली नाही, रिक्षा बोलावली नाही, स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेली. आवारात गाडी लावली, पायऱ्या चढून आत गेली, स्वतःचं नाव-वय सांगितलं, आणि मग खाली बसली ती बसलीच. यावर माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते, आणि हसूही येतं. मी विचारलं, "हँडब्रेक ओढला होता का रे?" पलीकडं तो पोरगा रडता रडता म्हणाला, "हाव मावशी. ओढला होता. चावी पर्समध्ये होती."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता तीन महिने होत आले. त्या दिवशी नांदेडला बोलायला उभं राहिलेल्या प्रत्येकानं तिला शांत म्हटलं, सोशिक म्हटलं. तिच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी तर "सिस्टरनी कधी कुणाचं मनावर घेतलं नाही" असं ठोकून दिलं. मी पहिल्या रांगेत दात आवळून बसले होते. मेलेल्या माणसाला सोशिक म्हणणं फार सोयीचं असतं, कारण मग त्याला काय काय सोसायला लावलं ते कुणी विचारत नाही. पंचशीला सोशिक नव्हती. शांत तर मुळीच नव्हती. ती मनावर घ्यायची, आणि घेतलेलं सोडायची नाही. तेवढं सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी हिमायतनगरच्या सरकारी दवाखान्यात एकाच महिन्यात नर्स म्हणून लागलो. ती किनवटकडच्या जंगलातल्या खेड्यातली, आई-बाप तेंदूची पानं तोडणारे, पोरगी आश्रमासारख्या वसतिगृहात राहून शिकलेली. बौद्ध. मी रेणापूरकडची, घरची शेती, आणि शेतीपेक्षा आडनावाचा तोरा मोठा. दोघींना मिळून एक क्वार्टर मिळालं. पहिल्याच उन्हाळ्यात माझी आई राहायला आली. पंचशीला सकाळी हापशावरून पाणी आणून माठ भरायची आणि ड्युटीवर जायची. ती गेली की आई तो माठ गपचूप मोरीत रिकामा करायची आणि स्वतः हापशावर जाऊन पुन्हा भरायची. हे पंचशीलाला पहिल्याच दिवशी कळलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "जुनी माणसं गं... जाऊ दे." दुसऱ्या दिवशी तिनं माठ पुन्हा काठोकाठ भरला. तिसऱ्या दिवशीही, चौथ्या दिवशीही. ही भरायची, आई ओतायची. पाचव्या दिवशी आईची कंबर धरली. ती माठाशेजारी बसली, बराच वेळ माठाकडं बघत राहिली, आणि तांब्या बुडवून प्यायली. मन बदललं होतं की नुसती तहान लागली होती, ते आईलाच ठाऊक. संध्याकाळी मी पंचशीलाला म्हटलं, "बघ, जाऊ दिलंस म्हणून झालं." ती फिसकन हसली. "मी कुठं जाऊ दिलं, मंदे? तू दिलंस. मी तर भरून राहिले होते."

पुढं माझी बदली लातूरला झाली, तिची नांदेडला. लग्नं झाली, मुलं झाली, तिचा नवरा लवकर गेला. निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात नातवंडं पडली, आणि पंचशीलानं गाडी शिकायचा क्लास लावला. मी फोनवर म्हटलं, "या वयात?" ती म्हणाली, "मग काय पुढच्या वयात?" आणि गाडी घेतली ती गडद निळी. धूळ दिसेल, पांढरी घे, असं शोरूमवाल्यापासून मिलिंदपर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. मागच्या काचेवर तिनं तळहाताएवढं धम्मचक्र चिकटवलं आणि गाडी आपल्या दारासमोर, गल्लीत लावली. त्या गल्लीत गाड्या पुष्कळ होत्या. त्यांच्या मागच्या काचांवर देव होते, कुळं होती, किल्ले होते, कुणाची ना नव्हती. धम्मचक्र मात्र हे एकच होतं, आणि ते घर घेतानाही तिला बरंच ऐकावं लागलं होतं.

महिन्याच्या आत त्या काचेखाली दोन-तीन बारीक ओरखडे उठले. पोरं खेळतात, लागला असेल दगड, असं आम्ही म्हटलं. मग एका सकाळी ती दार उघडून बाहेर आली तर डाव्या अंगाला, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, खिळ्यानं ओढावी तशी सरळ रेघ. हात न उचलता, सावकाश ओढलेली. मी दुसऱ्या दिवशी नांदेडला गेले. रेघ पाहिली आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं. म्हटलं, जाऊ दे, आता कव्हर टाकत जा. नाहीतर कोपऱ्यावरच्या मैदानात लाव. मिलिंद तर गाडी विकून पुण्याला चल म्हणून मागं लागला होता. पंचशीलानं माझ्यापुढं चहा ठेवला. "झाकून ठेवायला घेतली का मी गाडी? चाळीस वर्षं नोकरी केली, ती काय पांघरूण घालून ठेवायला? माझं दार हाय, मंदे. माझ्या दारात माझी गाडी उघडी उभी राहणार." कॅमेरा लाव म्हटलं, तर म्हणाली, "म्हंजे मी दिवसभर ह्यांची तोंडं बघत बसू? मला दुसरी कामं हायेत."

त्या कामांपैकी पहिलं काम होतं कोटिंग. नाक्याजवळ नरसिंगची पत्र्याची शेड होती. नरसिंग देगलूरकडचा, आधी डेंटिंग-पेंटिंग करायचा, आता गाड्यांना सिरॅमिक कोटिंग करतो. रंगावर काचेसारखा कडक, अगदी पातळ थर चढवायचा, म्हणजे ऊन, धूळ, पाखरांची घाण रंगाला धरत नाही. त्यानं आम्हा दोघींना आधीच सांगून टाकलं, "अक्का, खोटं न्हाई बोलणार. ह्यानं खिळा थांबत न्हाई. कोणी ओढायचं म्हणलं तर ह्याच्यावरबी ओढंल." कव्हरचं मी विचारलं तर म्हणाला, "धुळीवर कव्हर टाकलं की वाऱ्यानं कव्हरच घासतंय. निम्मे ओरखडे कव्हरचेच असतेत." पंचशीलानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही नरसिंग तिचा वकील होता.

दोन दिवस ती त्या शेडमध्ये ठाण मांडून बसली, आणि तिच्यामुळं मीही. गाडी धुतल्यावर नरसिंगनं हातात पातळ कॅरीबॅग चढवली आणि बॉनेटवरून तळवा फिरवला. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागतो. पंचशीलानं लगेच दुसरी पिशवी मागितली. मग चिकणमातीसारखा गोळा फिरवून ती खरखर काढायची, मशीननं पॉलिश मारून बारीक ओरखडे घालवायचे, स्पिरिटनं पुसून घ्यायचं, आणि मग कोटिंगचे चार थेंब कापड गुंडाळलेल्या ठोकळ्यावर घेऊन एकदा उभं, एकदा आडवं लावायचं. थोडा वेळ थांबलं की त्यावर तेलासारखे रंग उमटतात. ते दिसले की लगेच पुसायचं, चुकलं तर डाग बसला. पंचशीलानं हातमोजे घातले आणि उजवं दार स्वतः केलं. "अक्का, हात लई हलका हाय तुमचा," नरसिंग म्हणाला. मी मनात म्हटलं, या हातानं हजारो लेकरांना सुया टोचल्यात बाबा, कळ न येऊ देता.

डाव्या अंगाला आल्यावर नरसिंग रंगाची बाटली घेऊन त्या रेघेपाशी बसला. पत्र्यापर्यंत गेलेली नाही, रंगाखालच्या प्रायमरवर थांबली आहे, गंजायची भीती नाही, रंग भरून पॉलिश मारलं की शोधूनही सापडणार नाही, असं तो सांगत होता. पंचशीला म्हणाली, "त्याला हात लावू नको."

"अक्का, कोटिंगच्या खाली जे राहील ते राहिलं. मग वर्षं न् वर्षं तसंच दिसंल."

"म्हणूनच. त्याच्यावरूनच कोटिंग कर."

मला राहवलं नाही. "अगं, तूच शिकाऊ पोरींना ओरडायचीस ना, जखम साफ केल्याशिवाय पट्टी बांधायची न्हाई म्हणून?"

तिनं हातमोजे काढले, सवयीनं उलटे करून एकात एक घातले. "ही जखम माझी न्हाई, मंदे. ज्यानं ओढली त्याची हाय. ती मी का साफ करू?"

नरसिंगनं रंगाची बाटली बाजूला ठेवली आणि ठोकळा हातात घेतला. मग त्यानं चार थेंब घेतले आणि इतर पत्र्यावर फिरवला तसाच, उभा-आडवा, त्या रेघेवरून फिरवला.

गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहिली. इतकी चकचकीत, की समोरच्या घराची खिडकी गाडीच्या दारात दिसायची, आणि त्या खिडकीच्या मधून ती करडी रेघ. मी म्हटलं, निदान तोंड फिरवून लाव, ओरखडा भिंतीकडं जाईल. नाही. तो गल्लीकडंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलाच पाहिजे. समोरचे निवृत्त गुरुजी एकदा माझ्यादेखत म्हणाले, "सिस्टर, तेवढा ओरखडा काढून टाका. बरं दिसत न्हाई." पंचशीलानं विचारलं, "कुणाला?" गुरुजी पिशवी सावरत दुधाला गेले.

आणि हीच बाई रोज संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून गल्लीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं बीपी तपासायची. ओळीनं बसायचे सगळे. मला संताप यायचा. मी म्हटलं, "अगं, ज्या दंडाला तू पट्टा बांधतीस त्यातलाच एखादा हात असंल तो!" ती म्हणाली, "असंल की. बीपी सगळ्यांचंच बघायचं असतंय. पण गाडीच्या अंगानंच यावं लागतं ना त्याला माझ्या दारात?" एखाद्याचं जास्त आलं की चष्म्यावरून बघत विचारायची, "काय हो, ओरखडा बघून वाढलं का?" काहीजण हसायचे, काहीजण हसायचे नाहीत. ती दोघांनाही लिहून ठेवल्यासारखं लक्षात ठेवायची. खिळा मात्र पुन्हा कुणी ओढला नाही.

त्याच गाडीवर तिनं मला चालवायला शिकवलं. मी हँडब्रेक विसरायचे आणि ती माझ्या मनगटावर चापट मारायची.

ती गेल्यावर मिलिंदनं गाडी विकायला काढली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, पुण्यात त्याची स्वतःची आहे. बघायला आलेल्यानं सांगितलं, आधी ओरखडा काढा. मिलिंदनं नरसिंगला फोन केला तर नरसिंग म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडं बी न्या साहेब, मी न्हाई काढणार. अक्कानं मला हात लावू नको म्हणून सांगितलंय." मिलिंदनं हे मला हसत सांगायला सुरुवात केली आणि मधेच त्याला रडू फुटलं. मी म्हटलं, "विकायची असंल तर मला दे." घरात कुणाला न विचारता मी आयुष्यात घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. नांदेडहून मीच चालवत आणली, मिलिंद शेजारी बसला होता. अहमदपूरला चहाला उतरलो तर गाडी हळूच पुढं सरकायला लागली. हँडब्रेक! मिलिंद धावला. मी तिथं रस्त्यात उभी राहून हसले, आणि मग रडले. फोन आल्यापासून पहिल्यांदाच.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी गाडीला एक फेरी मारली. "ओरखड्याचं बघू नंतर. ते मागचं स्टिकर तरी काढ. लोकांना काय वाटंल?" म्हटलं, "वाटू द्या." चार दिवस घरात कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मग भाजी आणायची होती, तेव्हा बोलले.

आता दर रविवारी सकाळी मी गाडी धुते. लातूरकरांना पाण्याचं मोल सांगायला नको. कोटिंगमुळं अर्ध्या बादलीत काम होतं, धूळ नुसती ओघळून जाते. धुतली की हातात कॅरीबॅग चढवायची आणि पंचशीलासारखा तळवा फिरवायचा. बॉनेट, छत, उजवं दार... तिनं स्वतः केलेलं ते उजवं दार अजून सगळ्यात गुळगुळीत लागतं, किंवा मला तसं वाटतं. डाव्या अंगाला बोट त्या रेघेत अडतं.

गेल्या रविवारी शेजारच्या काकू फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्याच जातीच्या, लांबच्या नात्यातल्याही. हळदी-कुंकवाला येणं-जाणं आहे. "अगंबाई, मंदाताई, केवढा हा ओरखडा! अशा चांगल्या गाडीला? कुणी मारला हो?"

'जाऊ द्या हो' अगदी जिभेवर आलं होतं. एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका मरणानं सुटते? मी बोट त्या रेघेवरून काढलं नाही.

"आपल्यातल्याच कुणीतरी," मी म्हटलं.

काकू माझ्याकडं बघत राहिल्या, मग त्यांची नजर मागच्या काचेकडं गेली. मला वाटलं होतं त्या विषय बदलतील. त्या सरळ वळून आपल्या घरात गेल्या. मी उरलेलं पाणी डाव्या दारावर ओतलं, फडकं पिळलं, आणि घरात जायच्या आधी गाडीत वाकून हँडब्रेक बघितला. ओढलेला होता.