सोबत न चालणारी गोळी

डॉ. यमुनाबाई ढोबळे यांचं मला घडलेलं पहिलं दर्शन पाठमोरं होतं. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. मी पुण्याहून डॉक्टरकीची पदवी घेऊन, अनुभव मिळावा म्हणून जुन्नरला त्यांच्या दवाखान्यात रुजू व्हायला आले होते. जुन्या बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत तो दवाखाना, खाली तपासणी आणि वर चार खाटा. बाई एका म्हाताऱ्या बाबांसमोर उभ्या होत्या. बाबा डोंगराकडच्या भातवाल्या गावातून आलेले. कान दुखायचा थांबत नव्हता, आधी दिलेल्या थेंबांचा गुण येत नव्हता. बाई म्हणाल्या, "बाबा, सांगू नका. थेंब कसे घालता ते करून दाखवा." बाबांनी बाटली उघडली, मान कलती केली आणि बऱ्या कानात थेंब सोडले.

"दुखऱ्या कानाला हात लावू वाटत न्हाई," ते म्हणाले, "आन् आतनं दोनी कान एकच हायेत ना बाई?"

मला हसू आवरलं नाही. बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "हसायचं असेल तर बाहेर जाऊन पोटभर हसून या. मग आत या, काम आहे." एवढं बोलून त्या पुन्हा बाबांकडे वळल्या आणि दुखऱ्या कानाला न दुखवता थेंब कसे घालायचे, हे त्यांना इतक्या अदबीने दाखवू लागल्या, की जणू बाबांनी फार मोलाची शंका काढली होती. मी बाहेर गेले, पण हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. यंदा बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या सेवेबद्दल, शिबिरांबद्दल, शाळांना केलेल्या मदतीबद्दल इतर जाणकार लिहितीलच. मी त्यांची शिष्या, आता आंबेगाव तालुक्यात घोडेगावला माझा स्वतःचा दवाखाना आहे, केसही पिकायला लागलेत. पण बाईंचा फोन आला की अजून खुर्चीतून उठून उभी राहते. आमच्या यजमानांना याची मोठी गंमत वाटते. वाटो बापडी. ज्या बाईंना मी जवळून काम करताना पाहिलं, त्यांच्याशी बसून बोलणं मला जमत नाही.

'करून दाखवा' हीच बाईंची खरी विद्या. पेशंट काय सांगतो ते त्या ऐकायच्या, पण विश्वास ठेवायच्या तो डोळ्यांवर. मला त्या 'पुण्याच्या पाहुण्या' म्हणत आणि वर ऐकवत, "माणूस खोटं बोलत नाही हो. त्याला जे सांगण्यासारखं वाटतं तेवढंच तो सांगतो." या वाक्याचा अर्थ मला कळला तो निमगाव सावा या गावच्या सिंधूमुळे. तिची गोष्ट तिच्या आणि तिच्या सासूबाईंच्या संमतीनेच इथे लिहिते आहे.

त्या काळी आमच्या भागात थायरॉइड हा शब्द फारसा कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की माणसाचा सगळा कारभार मंदावतो. अंग सुजतं, थंडी वाजते, आवाज घोगरा होतो, दिवसाढवळ्या डोळे मिटतात. आजार ग्रंथीचा, आणि नाव पडतं बाईला: आळशी सून. सिंधूचंही तसंच झालं होतं. धार काढता काढता ती गाईच्या अंगाला टेकून झोपी जायची. त्यातच तिचं दोनदा पोट पडलं. घरी नवरा दत्तू भला, सासू भीमाबाई तर तिला लेकीसारखी जपणारी; पण भावकीत कुजबुज सुरू झाली होती. दत्तूच्या चुलत्यांनी तर उघडच बोलून दाखवलं होतं, "लग्नसराईपातूर बघायचं, न्हाईतर दुसरी करायची." सिंधूला हे माहीत होतं. तिच्यापुढचा प्रश्न नुसता तब्येतीचा नव्हता, त्या घरात राहण्याचा होता.

बाईंनी तिचं रक्त पुण्याला पाठवून तपासून घेतलं, निदान केलं आणि थायरॉइडची नेहमीची गोळी सुरू केली. रोज एक, सकाळी, रिकाम्या पोटी. आम्ही दोघी निर्धास्त होतो, कारण या गोळीचा गुण सहसा चुकत नाही. सिंधूच्या बाबतीत मात्र चुकला. पुन्हा रक्त पाठवलं, पुन्हा तेच. बाईंनी गोळीची ताकद वाढवली, मग आणखी वाढवली. सिंधू तशीच सुजलेली, तशीच पेंगुळलेली.

एके दिवशी दत्तू खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवत म्हणाला, "बाई, पुण्यातल्या पावण्यांनी धाडल्यात. नव्या धर्तीच्या हायेत म्हनं. पोटात गेल्यावर हळूहळू सुटत्यात, दिवसभर पुरत्यात. आपली साधी गोळी एकदम इरघळती आन् वाया जाती."

खरं सांगते, मला ती कल्पना फार आवडली. त्या कॅप्सूलमध्ये शरीराला थेट वापरता येणारं तयार संप्रेरक होतं आणि ते सावकाश सुटावं अशी योजना केलेली होती. मी इंग्रजी मासिकांतून असल्या प्रयोगांविषयी वाचत असे, त्यामुळे मी लगेच वकिली सुरू केली. बाईंनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या दत्तूला म्हणाल्या, "दत्तू, तुमच्या घरी धान्याची कणगी आहे ना? आपली साधी गोळी तिच्यासारखी आहे. रोज मूठभर टाकायचं. रक्तात गेलेली गोळी आठवडाभर शिल्लक असते, आणि शरीर त्यातून लागेल तेवढंच काढून, दळून खातं. ती मुळातच संथ आहे. तुमची ही कॅप्सूल म्हणजे दळलेलं पीठ. ते कधी भसकन सुटेल, कधी सुटणारच नाही, याची मला खात्री नाही. सुटलं भसकन तर पोरीची छाती धडधडेल. आणि उद्या तिला दिवस गेले, तर पोटातल्या बाळाला साध्या गोळीचाच आधार मिळतो."

"पन साधी गोळी तर हरली की बाई!" दत्तू रडवेला झाला होता.

"ती पोटात पोचली का, हे आधी बघू. पोचलीच नसेल, तर तिला हरली कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, बाई, पोचायला काय झालं? सिंधूला किती वेळा विचारलं, ती दर वेळी एकच सांगते: सकाळी, रिकाम्या पोटी.  बाईंनी दत्तूला सांगितलं, "उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने सिंधूला आणा. भीमाबाईंनाही आणा. गोळी घरी द्यायची नाही. इथे, माझ्यासमोर घ्यायची. रोज जशी घेते, अगदी तशी."

दुसऱ्या दिवशी तिघंही आले. बाईंनी गोळी सिंधूच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला आणि गप्प उभ्या राहिल्या. सिंधूने पेल्याला हात लावला नाही. तिने सासूकडे पाहिलं. भीमाबाईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला कडीचा डबा काढला, झाकण उघडलं आणि वाटीत दूध ओतलं. साय धरलेलं, अजून कोमट होतं.

"घे बाळा," त्या म्हणाल्या.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "भीमाबाई, दूध कशासाठी?"

"आवो, गोळी उष्ण पडती ना! दोनदा पोट पडलं पोरीचं, आन् वर ही इंग्लिश गोळी कोरडी कशी द्यायची? डेअरीला घालायच्या आधी मी हिच्यापुरतं काढून ठिवती. एक दिस चुकू दिलं न्हाई."

"पण रिकाम्या पोटी घ्यायची असं सांगितलं होतं ना?"

"रिकाम्याच पोटी की! दूध काय खानं हाय व्हय?"

औषध उष्ण, म्हणून त्याच्या जोडीला दूध. आमच्या भागातल्या कुठल्याही मायाळू बाईने हेच केलं असतं. आणि ही गोळी अशी, की दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, तिला धरून ठेवतो आणि अंगाला लागूच देत नाही. गर्भ टिकावा म्हणून सासू जे रोज प्रेमाने देत होती, तेच गोळीला वाटेत अडवत होतं. मी तोंड उघडलं. "अहो आजी, तुमच्या दुधामुळेच..." एवढं म्हणणार, तोच बाईंचा पाय टेबलाखाली माझ्या पायावर पडला. आणि बाईंचं वजन काही कमी नव्हतं.

बाई भीमाबाईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "भीमाबाई, दूध उत्तम. ते अजिबात बंद करायचं नाही. फक्त ही गोळी फार मानी आहे बघा. हिला सोबत कुणी चालत नाही. सकाळी नुसत्या पाण्याबरोबर, तीही तुमच्याच हाताने द्या. मग तासभर चहासुद्धा नको. दूध संध्याकाळी द्या, तेही तुमच्याच हाताने. सिंधूचं पथ्य तुमच्या हाती. माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

भीमाबाई ताठ बसल्या. "आसं म्हंता? मग आसंच व्हईल."

ते तिघं चिठ्ठीसाठी बाहेर थांबले आणि बाईंनी ती लिहायला घेतली. मला वाटलं, आता गोळीची हीच ताकद चालू ठेवतील आणि रक्त तपासून पुढचं ठरवतील. बाईंनी ती जवळजवळ निम्म्यावर आणली. "हो, आता सगळीच्या सगळी लागू पडणार ना," त्या सहज म्हणाल्या, "वाढवलेली ताकद तशीच ठेवली, तर जी धडधड मी कॅप्सूलला घाबरून टाळली तीच आपल्या हाताने आणू." मी थक्क झाले. इतका वेळ माझं सगळं लक्ष चूक सापडल्याच्या आनंदात होतं, आणि बाई चूक सुधारल्यावर काय होईल तिथवर जाऊन परत आल्या होत्या. पुण्याच्या तज्ज्ञांना त्यांनी फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा पलीकडूनही शाबासकी मिळाली. ती मात्र बाईंनी कुणाला सांगितली नाही, मी तिथे होते म्हणून मला कळली.

पुढच्या तपासणीत सिंधूचं रक्त ताळ्यावर येऊ लागलं. सूज उतरली. एक दिवस ती दवाखान्याच्या पायऱ्या भराभर चढून आली, आणि तिचा मोकळा झालेला आवाज ऐकून मी आधी ओळखलंच नाही. लग्नसराई आली, चुलते तोंड घेऊन आले आणि भीमाबाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. काही महिन्यांनी सिंधूला दिवस राहिले. बाईंनी पुन्हा पुन्हा रक्त तपासत गोळी लागेल तशी वाढवली. पूर्ण दिवस भरून, आमच्या वरच्या खाटेवर, मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकून बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

बाईंचं असं कितीतरी सांगता येईल. थायरॉइडच्या बायका उपासाला गोळी टाळू लागल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "एक दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण सोमवार, चतुर्थी, एकादशी, शनिवार धरलात तर गोळीलाच उपास घडेल." त्या स्वतः लेण्याद्रीच्या गणपतीची चतुर्थी कडक करतात, त्यामुळे उपासाला औषध चालतं हा त्यांचा निवाडा कुणी मोडला नाही. मी घोडेगावला दवाखाना थाटला त्या सकाळी बाकावर पहिल्या पेशंट म्हणून बाई बसल्या होत्या, एसटीने आलेल्या. माझ्याकडून रक्तदाब मोजून घेतला आणि जाताना म्हणाल्या, "पट्टा घाईने बांधलात. माणसाकडे बघून बांधा."

हा लेख लिहिण्याआधी मी निमगाव सावाला जाऊन आले. भीमाबाई आता खूप थकल्या आहेत. मी चाचरतच विचारलं, दुधाची गोष्ट लिहू का?

"लिव्ह की," त्या म्हणाल्या. "मला तवाच कळलं व्हतं. दूध सकाळचं बंद झालं आन् पोर उठली, एवढं कळंना व्हय मला? लई दिस एकटीच रडले गोठ्यात. पन बाईंनी एका शब्दानं मला दोष दिला न्हाई, सिंधूला बी कळू दिलं न्हाई. शेवटी मीच सिंधूला सांगितलं. ती काय म्हनली ठावं हाय? म्हनली, आत्याबाई, तुमच्या हातचं दूध व्हतं म्हनून तर मी ह्या घरात टिकले."

 बाईंचा पाय त्या दिवशी माझ्या पायावर पडला नसता, तर गोळी तर लागू पडली असती. पण त्या घरातलं दुसरं काहीतरी कायमचं मोडलं असतं, आणि मला ते कधी कळलंही नसतं.

निघताना मी विचारलं, बाईंना पंच्याहत्तरीच्या काय शुभेच्छा लिहू? अंगणात सिंधूची मुलगी शाळेच्या गणवेशात चप्पल शोधत होती. भीमाबाईंनी तिच्याकडे बोट केलं.

"हिचं बाळतपन बाईंच्याच हातनं व्हयाला पायजेल. लिव्ह तसं. तवर त्यांनी कुटं जायाचं न्हाई."

पोरगी अजून प्राथमिक शाळेत आहे, बाई. तुमच्या या लाडक्या पेशंटच्या घरचा हा शब्द आहे, आणि तुम्ही पेशंटचा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. तेव्हा तब्येतीला जपा, ठणठणीत राहा, आणि आम्हा सगळ्यांना अजून पुष्कळ वर्षं रागावत राहा.