काळघाटच्या वेशीवर

घाटनांदूरला स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान लागतं. दारात विहिरी-बोअरच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी दुरुस्तीला पडलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असतं: कुणाची, कुठल्या गावची, काय बिघडलंय, कधी मिळेल. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत उत्तर तयार. लोक म्हणतात, शहादेव मोठा शिस्तीचा माणूस. शिस्त कसली डोंबलाची! बोलायची वेळच येऊ नये म्हणून केलेली ती तजवीज आहे.

शहादेव बोलताना अडतो. शब्द घशापर्यंत नीट येतो आणि तिथेच दार लागल्यासारखा थांबतो. तोंड उघडं, मान ताठ, डोळे एका जागी, आणि आवाज नाही. मग समोरचा माणूस त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो, तेही बहुतेक वेळा चुकीचं. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची लोकांना एवढी कसली घाई असते, कोण जाणे. कुठे गाडी सुटणार असते यांची?

तिसरीत असताना गुरुजी हजेरी घ्यायचे. शहादेवचं नाव यायचं, 'हजर' मधला 'ह' काही केल्या निघायचा नाही, आणि गुरुजी गैरहजेरी मांडून पुढे जायचे. वर्ष संपताना शाळेतून त्याच्या आईला, मुक्ताबाईला, निरोप आला की पोरगं शाळेत येत नाही. "येत न्हाई कसं? रोज डबा घेऊन जातंय की!" म्हणत ती शाळेत गेली, आणि खरा प्रकार कळल्यावर पुढचे आठ दिवस कामाला जायच्या आधी वर्गाच्या दारात उभी राहून त्याच्या नावाला ओरडत राहिली, "हाय तो! समोर बसलाय, दिसंना का?" पोरं हसायची. शहादेवला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या वर्षी तो पास झाला.

नवल असं, की रविवारी विहारात वंदना सुरू झाली की तोच शहादेव सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून पंचशील घडाघडा म्हणतो. एक शब्द अडत नाही. वंदना संपून बाहेर कुणी नुसतं "काय शहादेव, बरं हाय का?" म्हटलं, की घसा पुन्हा बंद.

सहा वर्षांमागे शेजारच्या फ्लेक्सवाल्या पंडितने त्याच्या जुन्या संगणकावर 'काळघाट' नावाचा खेळ टाकून दिला. नाशिकच्या चौघांनी मराठीत केलेला खेळ. त्यात आपण एक निरोप्या असतो. हातात तलवार नाही, बंदूक नाही. गावोगाव निरोप पोचवायचे, माणसांशी बोलायचं, भांडणं लावायची नाहीतर मिटवायची. समोरचा काही बोलला की खाली पाच-सहा वाक्यांची यादी येते. त्यातलं एक निवडायचं. आणि आपण निवडेपर्यंत समोरचा थांबतो. शहादेवने पहिल्याच दिवशी मुद्दाम करून पाहिलं. एका म्हातारीने प्रश्न विचारला, आणि हा उठून चहा पिऊन आला. म्हातारी तशीच उभी होती, चेहऱ्यावर आठी नाही.

त्या दिवसापासून तो खेळाचा झाला. नऊ वेळा त्याने काळघाट पुरा केला. दोन गावांचा पाण्याचा तंटा नुसत्या बोलण्याने मिटवला, एका पाटलाला भर सभेत खोटं पाडलं. त्याची बायको वनिता आधी कुरकुरायची. एकदा दुपारी ती धुणं घेऊन खोलीत शिरणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "मी निरोप घेऊन आलोय. ऐकल्याशिवाय जाऊ नका." स्वच्छ, सलग, भरदार आवाज. आत दुसरं कुणी नव्हतं. शहादेव यादीतलं वाक्य मोठ्याने वाचत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं आख्खं वाक्य ती पहिल्यांदा ऐकत होती. ओलं धुणं कडेवर घेऊन ती तशीच बाहेर उभी राहिली. पुन्हा कुरकुरली नाही.

म्हणून नाशिककरांनी दुसऱ्या भागासाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा पहिल्या तासात वर्गणी भरणाऱ्यांत शहादेव होता. फोनवर 'काळघाटकर' नावाचा गट निघाला, आणि त्यात आशेला आणि शंकेला नुसता ऊत आला. कुणी म्हणे नकाशा चौपट मोठा पाहिजे, कुणी म्हणे पाटलाला परत आणा. अंबाजोगाईचा एकजण रोज सकाळी न चुकता लिहायचा, की ही पोरं पैसे घेऊन पसार होणार, लिहून ठेवा. तारीख दोनदा पुढे गेली तेव्हा त्याला कोण आनंद झाला! शहादेव सगळं वाचायचा, लिहायचा थोडं. त्याला नकाशाचं काही नव्हतं. ती यादी तेवढी असली की झालं.

आणि नेमकी तीच गेली. नाशिकहून पत्रक आलं: "दुसऱ्या भागात वाक्यांची यादी नाही. आता तुम्ही तुमच्या तोंडाने बोला, काळघाट तुमचं ऐकेल." गट आनंदाने वेडा झाला. शहादेवने पत्रक तीनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

वर्गणीदारांना चाखायला म्हणून खेळाचा पहिला तुकडा मिळाला होता. त्याने दुकान लवकर बंद केलं, घरी येऊन माईक लावला. काळघाटची ओळखीची वेस दिसली. वेशीत नवा दरवान उभा होता. त्याने विचारलं, "कोण तू? नाव सांग."

माणसाला कुठलाही शब्द एक वेळ टाळता येतो. 'भाकरी' अडली तर 'जेवण' म्हणता येतं. स्वतःचं नाव कशाने टाळणार? शहादेवने तोंड उघडलं. 'श' दातांमागे येऊन बसला. दरवानाने क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "बोलत नाहीस, तर वाट धर." वेस बंद झाली.

तो दहा वेळा गेला, दहा वेळा वेस बंद झाली. शेवटी वनिता शेजारी येऊन बसली. "विहारात म्हनता तसं म्हनू. मी संगं म्हनते." दोघांनी एका सुरात नाव घेतलं. नाव अडलं नाही, पण दरवान म्हणाला, "एकेकाने बोला." वनिताला हसू आलं. शहादेवकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं. त्याच्या डोळ्यांत तिसरीतलं पोरगं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गटात लिहिलं, "यादी ठेवता येईल का? ज्यांना हवी त्यांच्यासाठी." लगेच उत्तरं आली. यादी म्हणजे जुना जमाना. बटणं दाबायची तर पहिलाच भाग खेळा. एकाने तर लिहिलं, तोंड दिलंय ना देवाने? त्याने नाशिकला तीन पत्रं पाठवली. तिन्हींना एकच छापील उत्तर आलं, की आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

हे सगळं पाहून पंडितला राहवलं नाही. नाशिककर रविवारी दुपारी चार वाजता वर्गणीदारांशी नेटवरून सगळ्यांसमक्ष बोलणार होते, चिठ्ठ्या टाकून नावं निघणार होती. ज्याचं नाव निघेल त्याला तीन मिनिटं, आणि प्रश्न तोंडानेच विचारायचा. पंडितने न विचारता शहादेवचं नाव टाकलं, आणि नाव निघालं.

"बे, पार्टी दे!" म्हणत पंडित दुकानात आला. शहादेवने हातातली तार खाली ठेवली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की पंडितचा आवाज खाली आला. "का रं? तुला इचारायचंच होतं ना? लिहून कुणी ऐकंना, मग सांग की तोंडावर."

रविवारपर्यंत सहा दिवस होते, आणि ते सहा दिवस शहादेवने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. जेवण जाईना. आरशासमोर वाक्य म्हटलं की नीट यायचं, आणि नीट आलं की जास्तच भीती वाटायची, कारण आरशासमोर ते नेहमीच नीट येतं. शेकडो माणसं बघणार. कुणीतरी ते फोनवर उतरवून घेणार, आणि मग घाटनांदूरच्या प्रत्येक फोनवर आपलं उघडं तोंड फिरणार. हेही एक वेळ सोसलं असतं. पण आपण अडलो, प्रश्न राहिला, तर यादी कायमची गेली. पहिला भाग नऊदा खेळून शिळा झाला होता, मग नवं बोलायला जागाच उरत नाही. विहारातली रविवारची वंदना सोडली, तर या जगात त्याला आवाज फक्त काळघाटात होता.

गुरुवारी मोटारीत तांब्याची तार भरताना तो तारेचे वेढे मोजायला चुकला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. धर्मापुरीच्या सुंदररावांची मोटार चालू करताच धूर निघाला आणि वार्निश जळाल्याचा वास दुकानभर पसरला. सुंदरराव तडकले. "लक्ष कुठं हाय तुमचं? ऊस वाळतोय तिकडं!" शहादेवने जळकी मोटार उतरवून घेतली. त्याने खडूने 'उद्या, फुकट' असं लिहून दिलं. त्या संध्याकाळी तो वनिताला म्हणाला, की रविवारी आईकडे निघून जावं म्हणतो. हे म्हणायला त्याला बराच वेळ लागला. वनिताने पूर्ण ऐकलं. "जावा," ती म्हणाली. "पर मग त्या खोलीतला आवाज बंद होईल. मला तो लई आवडतो."

तिने तो ऐकलाय हेच त्याला माहीत नव्हतं.

रविवारी चारला तो पंडितच्या दुकानात बसला. तिथे केबलचं नेट होतं, गावात सगळ्यात चांगलं. वनिता शेजारी होती. पडद्यावर नाशिकचे चौघे दिसत होते. त्यांच्यात मधोमध राजनंदिनी, काळघाटची गोष्ट आणि सगळी वाक्यं लिहिणारी. शहादेवला नऊ खेपांमध्ये बोलतं करणारी हीच ती. खाली बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता आणि त्यांचे शेरे भरभर वर सरकत होते. शहादेवची गंजी पाठीला चिकटली.

"घाटनांदूरचे शहादेव," राजनंदिनी म्हणाली. "नमस्कार! बोला."

त्याने तोंड उघडलं. 'न' जिभेवर आला आणि तिथेच थिजला. मान ताठ झाली, डोळे एका जागी बसले. वनिताने त्याच्या हातावर हात ठेवला आणि सोबत म्हणायला ओठ उघडले. त्याने नको म्हणून मान हलवली. एकेकाने बोला.

खाली शेरे धावत होते. अडकला. स्क्रीन थांबली. बीडकडं रेंज नसतीच. नेट गेलं वाटतं.

"शहादेव, तुमचं नेट कमी पडतंय बहुतेक," नाशिकचा एकजण म्हणाला. "चित्र एका जागी थांबलंय. हरकत नाही, पुढच्या वेळी नक्की घेऊ. पुढचं नाव..."

सुटका अशी आयती चालून येईल असं त्याला वाटलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. कुणी हसलं नसतं, कुणी काही उतरवून घेतलं नसतं. बीड जिल्ह्याच्या नेटवर ढकलून सगळं मिटलं असतं आणि उद्या सकाळी तो दुकान उघडून बसला असता. पंडितने तर हुश्श केलंसुद्धा. शहादेवच्या डोळ्यांसमोर गुरुजी आले, हजेरीच्या वहीवर वाकलेले, पुढच्या नावाकडे निघालेले.

"थ... थ... थांबा," शहादेव म्हणाला.

पडद्यावरचे चौघे थांबले.

"न... नेट बरं हाय." घाम त्याच्या कानावरून ओघळत होता. "म... मीच असा ब... बोलतो."

सरकणारे शेरे थबकले. शहादेवला वाटलं, आता उठून पळावं. पण वनिताचा हात अजून हातावर होता. त्याने पाठ केलेला प्रश्न यादीचा होता. तो आठवेना. आठवत होता फक्त दरवान.

"त्या द... द..." तीन मिनिटांतलं किती गेलं याची कुणी आठवण केली नाही. "दरवानाला," तो म्हणाला, "थ... थांबता येतं का?"

राजनंदिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्याने काहीतरी सांगायला सुरुवात केली, तिने हाताने त्याला गप्प केलं. मग पुन्हा काही बोलायला गेली, शब्द आला नाही. डोळे एका जागी, ओठ अर्धे उघडे. इकडे पंडित हळूच पुटपुटला, "आता त्यांचं नेट गेलं का काय?"

शहादेवने त्याला हाताने चूप केलं. ती बोलेपर्यंत तो तसाच, तिच्याकडे बघत, थांबून राहिला.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "नाही येत त्याला. आम्ही शिकवलंच नाही."