बिनशिट्टीचं वरण

प्रवासाला निघायची कारणं थंडी, संत्री, तीर्थ अशी असावीत. माझं कारण म्हणजे सेलूहून आलेला धाकट्या बहिणीचा, मंगलाचा, फोन. “दादा, आमचे हे घर सोडून चालले. तू सांगशीन तं ऐकतीन.” संस्कृत शिकलेल्या माणसाला नातेवाईक धर्माचं मोफत कोर्ट समजतात. पुण्याहून गाडी पकडली.

वर्ध्याला उतरलात तर तर्रीपोहे खाऊनच पुढे निघा. चटका जिभेला बसतो, खिशाला नाही. मग नागपूर रस्त्याची एसटी, दुतर्फा फुटलेला कापूस, की आलंच सेलू.

मेहुण्यांना, सुधाकररावांना, बघून हबकलोच. कापडाच्या दुकानात तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत गिऱ्हाइकांची मस्करी करणारा हा गृहस्थ! आता खर्रा बंद, कांदा बंद, टीव्ही बंद, आणि पहाटे गार पाण्यानं आंघोळ.

“एवढ्यानं नाई भागत, दादा. घरात शिस्त राहत नाई, अन् शिस्त नाई तं ध्यान कायचं? आश्रमातच जाऊन राहतो म्हनतो, कायमचा. उद्या माह्यं ध्यान पाहा अन् सांगा. तुमचा शब्द शेवटचा.”

“जा नं! तिथं बनियाना कोन धुवीन?” मंगला म्हणाली. पण तव्यावरची पोळी करपली होती, आणि मंगलाची पोळी कधी करपत नाही.

पहाटे ते बसले. पाठ ताठ, चेहरा प्रसन्न. मी मनातल्या मनात संन्यासाचा मुहूर्त काढत होतो, तेवढ्यात मान हळूच छातीवर आली आणि घोरणं सुरू झालं. शास्त्रात समाधीची लक्षणं बरीच सांगितली आहेत. हे त्यात नव्हतं.

स्वयंपाकघरात धावलो. मंगला उघड्या गंजात, म्हणजे आपल्या पातेल्यात, वरण शिजवत होती. कुकर बाजूला, शिट्टी काढून ठेवलेला.

“अगं, हे तर झोपलेत!”

“हळू बोल!” तिनं दरडावलं. “मले मालूम हाय. माय गेली त्यायची, तवापासून रातभर डोया नाई लागे. आता बसले का लागते. म्हनून तं कुकर नाई लावत.”

घरात शिस्त होती की! पाळणारं माणूस भलतंच होतं.

सुधाकरराव ताजेतवाने होऊन आले. “सांगा, दादा.”

मंगलाची पळी गंजातच थांबली.

“तुमचं ध्यान याच घरात लागतं,” मी म्हणालो. “आश्रमात नाही लागायचं. तिथे घंटा वाजवतात.”

त्यांनी पाट ओढून बसकण मारली. “मंग राहतो.”

“अन् कांदा, दादा?” मंगलानं साधून घेतलं.

“शास्त्राची हरकत नाही.”

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ध्यानाला बसलो. वर्षानुवर्षांचा नेम, त्याचा थोडा अभिमानही आहे. उठलो तेव्हा नेहमीसारखं अगदी ताजंतवानं वाटत होतं. स्वयंपाकघरात डोकावलो. बायकोनं वळून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मगच कुकरला शिट्टी लावली.