पुंजारामचा कान

शेंद्र्याच्या कंपनीत पुंजारामनं सव्वीस वर्षं एकच काम केलं. मोटारी ऐकायचं.

तयार मोटार टेबलावर चढवायची, चालू करायची, हातभर लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग चांगलं असलं की आवाज सलग येतो, गिरणीच्या तोंडातून पीठ पडावं तसा. वाईट असलं की लंगडतो. दोन पावलं नीट टाकतो, तिसऱ्याला अडखळतो. असा लंगडा आवाज आला की पुंजाराम डोळे न उघडताच खडूनं मोटारीवर फुली मारायचा. पुढं साहेब लोकांनी आवाज मोजायचं परदेशी यंत्र आणलं. यंत्रानं पास केलेल्या पण पुंजारामनं फुली मारलेल्या चार मोटारी मुद्दाम चालवून बघितल्या. महिनाभरात चारी जाम झाल्या. यंत्रावर कापड पडलं, पुंजारामचा पेचकस चालू राहिला.

करमाडला घरी आला तरी सुटका नव्हती. कुणाची विहिरीवरची मोटार, कुणाचा मिक्सर. पुंजाराम कान लावायचा आणि सांगायचा, "आठ दिवस निघतील. नवव्या दिवशी मला शिव्या देऊ नका." लेक अपेक्षा लहान असताना बापाच्या मांडीवर बसून तीही मूठ कानाला लावायची आणि बरोबर सांगायची. सारजाबाई म्हणायची, "नाक माझं घेतलं पोरीनं, कान मात्र बापाचा."

मग कचरूचं झालं.

कचरू बिडकीनचा, टेबलावर मोटारी चढवायला असायचा. गडी लई मस्करीखोर. एक दिवस जेवणाच्या सुट्टीआधी त्यानं चालू मोटारीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि म्हणाला, "पुंजाभाऊ, हिच्यासंगं माझीबी मोटार ऐका की!" पुंजारामनं हसत कान लावला. मोटार लंगडत होती. कचरूनं हात काढले, सलग चालली. परत हात लावले, परत लंगडली.

"कचऱ्या, हिचं नाय, तुझंच बेअरिंग चाललंय गड्या!"

सगळे खदाखदा हसले. कचरूनं खडू उचलला आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशावर फुली मारून घेतली. बाराव्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरता उतरता तो खाली बसला, तो उठलाच नाही. अंगावर तोच सदरा होता. खडू एका धुण्यात जातो. पण त्या खिशावर फुली होती, का पुंजारामलाच ती तशी दिसली, हे त्यानं कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी घरची घरघंटी लंगडायला लागली. पुंजारामनं बेअरिंग बदललं. लंगडणं गेलं नाही. दुसऱ्या दुकानातून दुसरं आणून बसवलं, तरी तेच. सारजाबाई झाकणावर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "सव्वीस वर्षं काय ऐकलं ओ तुम्ही, घरची गिरणी नाय दुरुस्त होत!" तिला अधूनमधून छातीत जळजळायचं. शहरात नेऊन हृदयाची पट्टी काढली, कागद स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे, तिखट कमी करा. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. दहाव्यानंतर पुंजारामनं घरघंटी चालू केली. सलग चालली. मग त्याला ते झाकण आठवलं, आणि झाकणावरचा तो पीठ लागलेला हात.

त्या दिवशी त्यानं पेचकस जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. मिक्सर घेऊन आलेल्याला सांगितलं, "कान गेला माझा." लोकांना खरं वाटलं. वय झालं, मोटारी ऐकून ऐकून जायचाच कान.

आता घरात दोनच माणसं. तो आणि अपेक्षा.

अपेक्षा घरबसल्या बिल्डर लोकांना न बांधलेल्या घरांची चित्रं करून द्यायची. भिंती, खिडक्या, सोफ्यावर पडलेलं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. एक एक चित्र उमटायला चार चार तास लागायचे. वरची खोली पत्र्याची, चैत्र लागला की लॅपटॉप तापून मध्येच मान टाकायचा. म्हणून तिनं ठरवलं, स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचा. कॅबिनेट आलं, बोर्ड आला, प्रोसेसर आला. सगळं पलंगावर मांडलेलं. राहिला होता प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर.

"प्रोसेसरसंगं एक बारका पंखा आलाय," ती म्हणाली, "पण आपल्या पत्र्याखाली त्याचा काय निभाव लागत नाय. मोठा घ्यायचाय. उभ्या पत्र्यांचा घ्यावा का पाण्याचा, यावर नेटवर लोक एकमेकांची डोकी फोडायलेत. आप्पा, तुम्ही चला. मोजमाप मी बघते. तुम्ही फक्त कान लावा."

"कान गेला माझा."

"काल शेजारच्यांचा टीव्ही इथं बसून ऐकत होता की. चला गुपचूप."

कॅबिनेटच्या आत किती उंच कूलर मावेल ते टेपवर सोळा सेंटीमीटर आलं होतं. पुंजारामचा टेपवर भरवसा नव्हता. त्यानं झाडूची काडी आत उभी धरली, बरोबर उंचीला मोडली आणि खिशात ठेवली. माळ्यावरचं फडकं मात्र अपेक्षानंच पिशवीत टाकलं होतं. ते त्याला दुकानात पोचल्यावर कळलं.

निराला बाजाराच्या मागच्या गल्लीत श्रीरंगचं दुकान. श्रीरंग चाळिशीतला, चष्म्याचा, बोलायला गोड. त्यानं काचेच्या काउंटरवर दोन खोकी उघडून ठेवली. एकात उभ्या पत्र्यांचा, वितीहून कमी उंच, खाली तांब्याच्या नळ्या आणि पुढं पंखा. दुसऱ्यात पाण्याचा, दोन काळ्या रबरी नळ्या आणि रंगीत दिवे.

"ताई, पाण्याचा दिसायला एकदम झकास," श्रीरंग म्हणाला. "पण दणकट म्हणाल तर हा पत्र्यांचा. काका, तुमचं काय मत?"

पुंजारामनं काडी काढून पत्र्यांच्या कूलरला लावली. बोटाच्या पेरभर जागा उरत होती. श्रीरंग काडीकडं बघतच राहिला. "आजवर इथं कुणी झाडू घेऊन आलं नव्हतं काका!"

"पूर्ण नाय आणला," पुंजाराम म्हणाला.

तोवर अपेक्षानं कूलर तळहातावर उभा धरला, श्रीरंगनं त्याच्या पंख्याची वायर जोडली आणि पंखा फिरायला लागला. तिनं दुसऱ्या हातानं फडकं सोडून पेचकस बापापुढं केला. मूठ तीच, सव्वीस वर्षांच्या घामानं काळी पडलेली. नाही म्हणायला काही कारणच सापडेना. पुंजारामनं टोक लावलं, मूठ कानामागं टेकवली, डोळे मिटले.

एक, दोन, अडखळ. एक, दोन, अडखळ.

डोळे उघडले तेव्हा समोर अपेक्षाचा तळहात होता. पंख्याच्या वाऱ्यानं तिच्या मनगटावरचा धागा हलत होता.

"दुसरा दाखवा," तो म्हणाला.

"काका, हा सीलबंद आहे, तुमच्यासमोर फोडलाय."

"दुसरा द्या म्हणलं ना."

दुसरं खोकं फोडलं. अपेक्षानंच धरलं. एक, दोन, अडखळ. पाण्याचा जोडला, तोही तिनंच धरला. त्याचा पंप आणि पंखे दोन्ही फिरायला लागले, आणि त्या दोन्हींच्या तळाशी तेच पाऊल लंगडत चाललेलं.

"काय ओ आप्पा? तोंड का असं झालं?"

पुंजारामला सारजाबाईचं झाकण दिसत होतं. कचरूचा खिसा दिसत होता. पोरीचं वय तेवीस. सकाळी गाडीला किक मारून हिनंच त्याला इथवर आणलं होतं. त्याला एवढंच कळत होतं, की हिचा हात बाजूला करून एकदा ऐकायला पाहिजे. आणि तेवढंच धाडस होत नव्हतं. हात काढल्यावर आवाज सलग आला, तर?

"माय, ऊन लई लागलं," तो म्हणाला. "कोपऱ्यावरनं उसाचा रस आण. तिघांना."

"माझ्यासाठी बर्फ नको म्हणावं," श्रीरंग म्हणाला.

ती गेली. पुंजारामनं पत्र्यांचा कूलर काउंटरवर ठेवला. "हात लावू नका कुणी." श्रीरंगनं मागं होऊन हात वर केले, पोलिसानं पकडल्यासारखे. पुंजारामनं टोक लावलं. टेकवायच्या आधी क्षणभर मूठ हवेतच राहिली. मग टेकवली.

एक, दोन, अडखळ.

हात नव्हता कुणाचा. तरी लंगडत होतं. पुंजारामच्या छातीवरचं ओझं उतरलं. पोरीचं नव्हतं. पंखाच वाईट. पण तीन खोक्यांतले सगळेच वाईट?

"तुम्ही ऐका जरा," त्यानं श्रीरंगला पेचकस दिला.

श्रीरंगनं चष्मा वर सारून कान लावला. "मला तर काही नाही वाटत काका. एकसारखा आहे."

पुंजारामनं वायर काढली. पंखा थांबला. थांबलेल्या पंख्याला टोक लावलं. एक, दोन, अडखळ. काउंटरच्या काचेला लावलं. काचेत फिरण्यासारखं काय असतं? तिथंही तेच. भिंतीला लावलं. उंबऱ्याच्या फरशीला लावलं, तिथं तर दगडच होता. दगड लंगडत होता.

तो उंबऱ्यावरच बसला. पेचकस मांडीवर आडवा. पेचकसाला दोन टोकं असतात. सव्वीस वर्षं त्यानं एकाच टोकाचं ऐकलं होतं.

मग पुंजारामला हसू आलं. आधी बारीक, मग पोट धरून. श्रीरंग घाबरून काउंटरमागून बाहेर आला. "काका, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?"

"झ्याक वाटतंय," डोळे पुसत पुंजाराम म्हणाला. "इतकं झ्याक वर्षात नव्हतं वाटलं."

तरी एक खात्री करायची राहिली होती. अपेक्षा रसाचे ग्लास घेऊन आली तसा तो म्हणाला, "आता तू ऐक. लहानपणी ऐकायचीस तशी." त्यानं पंखा चालू करून कूलर काउंटरवर ठेवला, पेचकस तिच्या हातात दिला आणि दोन पावलं मागं सरकला. तिनं मूठ कानामागं टेकवली, डोळे मिटले. तिच्या बाजूचं टोक काय सांगतं, याची वाट बघत पुंजाराम उभा राहिला. गल्लीतून एक रिक्षा गेली. अपेक्षाच्या कपाळावर एकही आठी पडली नाही.

"मस्तय," ती म्हणाली. "पीठ पडल्यासारखं."

"तिसऱ्याला अडखळत नाय? नीट ऐक."

"नाय ओ. एकदम सलग."

"तुझी शप्पथ घे."

"माझी शप्पथ. काय झालंय तुम्हाला?"

त्या आनंदात पुंजारामचं भान सुटलं. "मग बांधा हाच," म्हणत त्यानं कूलर उचलला. अपेक्षाचा कान अजून मुठीला होता, टोक पत्र्याला. तिनं डोळे उघडले.

"आप्पा, थांबा. आता लंगडायलंय."

त्यानं कूलर खाली ठेवला.

"आता?"

"आता नाय." तिनं बापाच्या हाताकडं बघितलं. "परत उचला बरं."

"नको," पुंजाराम म्हणाला. "रस पी. गरम व्हायलाय."

श्रीरंगनं पाण्याच्या कूलरचं खोकं जरा पुढं सारलं. अपेक्षाची नजर रंगीत दिव्यांवर गेली होती.

"तो नको माय," पुंजाराम म्हणाला. "त्यात पंप आहे. पंप म्हणजे आणखी एक बेअरिंग, आणखी एक मरणारी वस्तू, आणि ती मेली की सगळंच फेकायचं. ह्यात पंखा तेवढा मरतो. तांबं हाय तसं राहतं. दोन तारा काढायच्या, नवा पंखा अडकवायचा. तुला एकटीला जमंल."

"एकटीला कशाला? तुम्ही आहात की."

पुंजारामनं रसाचा ग्लास तोंडाला लावला.

दुपारी करमाडला वरच्या खोलीत अपेक्षानं कूलर बसवला. पुंजाराम उंबऱ्याशी उभा राहून सांगत होता. तळाचं चिकट प्लास्टिक आधी काढ, नायतर तापून मरंल. प्रोसेसरवरचा लेप तांदळाएवढाच. चारी स्क्रू तिरपे तिरपे आवळ, एकदम एकच नको. पंखा काढून दाखव. परत लाव. परत काढ. तिनं तीनदा काढला, तीनदा लावला.

"परीक्षा आहे का माझी?"

"व्हय. झाली पास."

मग तिनं बटण दाबलं. पंखा हलला, फिरला. पडद्यावर अक्षरं आली, मग प्रोसेसर किती तापलाय त्याचा आकडा, अठ्ठेचाळीस. पत्र्यावर ऊन रटरटत होतं, लॅपटॉप इथं नव्वदी गाठायचा, आणि हा अठ्ठेचाळीस. अपेक्षानं टाळी वाजवली. तिनं पेचकस उचलला, टोक कॅबिनेटला लावलं, कान टेकवला.

"सलग! आप्पा, इकडं या, तुम्हीबी ऐका. हात लावून बघा, जरासुद्धा थरथरत नाय."

"इथूनच कळतंय मला," पुंजाराम म्हणाला.

"या की ओ. ते दुकानात काय होतं तेबी बघू."

तो आत आला नाही. दोन्ही हात त्यानं पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले, पाय उंबऱ्याच्या बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर घेतले आणि तिथूनच बघत राहिला. आतला पंखा फिरत होता. अपेक्षा डोळे मिटून ऐकत होती. हळूहळू तिच्या कपाळावर एक आठी पडली. तिनं डोळे उघडून आधी मशीनकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

पुंजाराम गुपचूप आणखी एक पायरी खाली उतरला. तिची आठी गेली.