आधी माझा रिलीव्हर येऊ द्या

मंडळी, भुताच्या गोष्टी मी अगदी आवाज काढून सांगतो. भुतांवर विश्वास मात्र कधी ठेवला नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा पंचाईत झाली आहे...

चांदूर रेल्वेजवळचं एक गाव — नाव नको. इंग्रजांच्या काळातलं पोस्ट, दगडी भिंती, कौलारू छप्पर, तीन खिडक्या. एकेकाळी तिन्हींवर बाबू असत. आता पोस्टमन सकाळी टपाल घेऊन गेला, की उरायचो मी — पोस्टमास्तरही मीच, कारकूनही मीच! "पलीकडच्या खिडकीवर या," असं लोकांना सांगायचं आणि आपणच पलीकडे जाऊन बसायचं. लोक हसत. दुपारी मात्र हसायलाही कोणी नसे.

माझी अमरावतीला, घरी, बदली झाली होती. पण आपल्या जागी माणूस — म्हणजे रिलीव्हर — आल्याशिवाय ऑफिस सोडता येत नाही, आणि तो काही येत नव्हता. बायको, मंदा, रोज फोनवर विचारायची, "ऑर्डर निघाली ना? मंग काहून नाही येऊन राहिले? एकटीनं जेवून जेवून कटाळली मी."

एका दुपारी असाच फोन ठेवला आणि आतल्या खोलीत गेलो. तिथे जुन्या काळच्या पोस्टमास्तरांची वेताची खुर्ची पडून होती. माझ्यातला नट जागा झाला! किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढे धरला, कमरेत वाकलो — "घ्या साहेब, चार्ज घ्या. मले सोडा!"

रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. म्हातारा, थकलेला, अगदी शांत...

"आदी माहा रिलीव्हर तं येऊ द्या."

किल्ल्या हातातून पडल्या. पोस्टमन परतेपर्यंत मी बाहेर पायरीवर बसून होतो. भीती वाटलीच, पण खरं सांगू? त्याहून जास्त वाईट वाटलं. माझी वाट पाहायला निदान मंदा होती.

पुढे रिलीव्हर आली — अकोल्याची एक हसतमुख मुलगी. तिला चार्ज दिला, पिशवी उचलली, आणि पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळले. हळूच म्हणालो, "साहेब, तुमचा चार्ज मी घेतला. घरी जा आता."

मागच्या दाराची गंजलेली कडी माझ्याकडून कधी हलली नव्हती. ती सरकली. दार उघडलं. बाहेर फक्त ऊन होतं.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. रात्री जेवताना मंदाला सांगितलं, तर पोळी वाढता वाढता तिचा हात थांबला.

"अवं, पन त्यायचा चार्ज तुमी घेतला," ती म्हणाली, "मंग तो दिला कोनाले?"